‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ : लिनक्स संगणक सांभाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात, आमच्या गावच्या वाचनालयात आठ जुने संगणक आहेत आणि त्या सर्वांवर विंडोजऐवजी लिनक्स ही संगणक-प्रणाली चालते. स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरणारी मुले, सातबारा पाहायला येणारे कास्तकार आणि टंकलेखनाचा सराव करणाऱ्या मुली यांचा तेथे दिवसभर राबता असतो. हे संगणक सांभाळण्याचे काम माझ्याकडे आल्यापासून आसपासच्या शाळांतील आणि वाचनालयांतील मंडळी मला जे विचारतात, त्यांतील बहुतेक प्रश्न फिरून एकाच जागी येतात : ‘अपडेट’ केले, तरी काहीच बदलले नाही, असे का? त्या प्रश्नांची उत्तरे येथे लिहिली आहेत. उदाहरणे मुख्यतः डेबियन, उबुंटू आणि लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकारांची आहेत, कारण ज्यांनी प्रश्न विचारले त्यांच्या संगणकांवर हीच होती. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहिण्याच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत टंकित कराव्यात. ‘ॲप्ट’ म्हणजे ए, पी, टी ही तीन अक्षरे आणि ‘सुडो’ म्हणजे एस, यू, डी, ओ ही चार अक्षरे. ॲप्ट हे प्रोग्राम आणण्याचे आणि बसवण्याचे साधन आहे; सुडो त्यापुढच्या कमांडला प्रशासकाचा अधिकार देते.

‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ यांत नेमका फरक काय आहे?

‘सुडो ॲप्ट अपडेट’ ही कमांड संगणकावरील एकही प्रोग्राम बदलत नाही. ज्या सर्व्हरवर पॅकेजे, म्हणजे बसवण्यासाठी बांधून ठेवलेले प्रोग्राम आणि त्यांचे भाग, साठवलेली असतात, त्या भांडाराकडून ती फक्त यादी आणते : कोणते पॅकेज आज कोणत्या आवृत्तीत उपलब्ध आहे, त्याचा आकार किती आहे आणि त्याला आणखी कोणकोणती पॅकेजे लागतात. ही यादी आपल्या डिस्कवर ठेवली, की तिचे काम संपते. ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ ही कमांड ती यादी हाती घेऊन संगणकावरील प्रत्येक पॅकेज तिच्याशी ताडून पाहते आणि ज्यांची नवी आवृत्ती यादीत आढळते, ती पॅकेजे डाउनलोड करून बसवते.

मृगाच्या तोंडावर आपण तालुक्याच्या कृषी केंद्रात फोन करून कोणते वाण आले आहे आणि पिशवीचा भाव काय आहे, हे विचारतो; तो फोन म्हणजे अपडेट. गाडी काढून जाणे आणि बियाण्याची पिशवी घरी आणणे म्हणजे अपग्रेड. फोन केल्याने पिशवी घरी येत नाही, आणि मागच्या हंगामातील माहितीवर विसंबून तालुक्याला गेलेल्या माणसाला हवे ते वाण मिळेलच असे नाही.

गोंधळाचे मूळ मला भाषेत दिसते. मराठीत आपण दोन्ही शब्दांसाठी ‘अद्ययावत करणे’ असेच म्हणतो. पहिल्या कमांडने केवळ यादी अद्ययावत होते आणि दुसऱ्या कमांडने प्रोग्राम अद्ययावत होतात. ‘काय अद्ययावत झाले’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लागली, की अर्धा गोंधळ तेथेच मिटतो.

मोबाइलमध्ये ‘अपडेट’ दाबले, की ॲप नवे होते. लिनक्समध्ये दोन पायऱ्या कशासाठी?

मोबाइलमध्येही पायऱ्या दोनच असतात. दुकानाचे ॲप स्वतःहून यादी तपासते आणि आपण बटण दाबतो ते दुसऱ्या पायरीसाठी. आपल्याला पहिली पायरी दिसत नाही, इतकेच.

लिनक्समध्ये त्या वेगळ्या ठेवण्याला कारण आहे. येथे पॅकेजे एकमेकांवर अवलंबून असतात. एकच लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रामना लागणारा सामाईक भाग, पन्नास प्रोग्राम वापरत असतील, तर तिची नवी आवृत्ती कोणाला चालेल आणि कोणाला चालणार नाही, हे ठरवण्यासाठी संपूर्ण यादी आधी समोर असावी लागते. ॲप्ट हे साधन १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर प्रथम आले आणि हीच गुंतागुंत माणसाच्या डोक्यावरून उतरवणे हे त्याचे मुख्य काम होते.

या विभागणीचा सर्वाधिक उपयोग आपल्यासारख्या गावांतच होतो, असे माझे ठाम मत आहे. जेथे वीज आणि इंटरनेट अखंड आहे, तेथे दोन्ही कमांड एका दमात दिल्या तरी बिघडत नाही. जेथे रोजचा डेटा मोजून वापरावा लागतो आणि लाइन कधी जाईल याचा नेम नसतो, तेथे ‘काय येणार आहे ते आधी पाहू आणि केव्हा आणायचे ते आपण ठरवू’ ही मुभा फार मोलाची आहे.

अपडेट न करता थेट अपग्रेड केले, तर काय होते?

संगणक जुन्या यादीवरूनच निर्णय घेतो. यादी दोन महिन्यांपूर्वीची असेल, तर त्यानंतर आलेल्या सुरक्षा-दुरुस्त्यांची त्याला वार्ताच नसते आणि ‘शून्य पॅकेजे अपग्रेड केली’ असे तो प्रामाणिकपणे सांगतो. वाचणाऱ्याचा मात्र समज होतो, की संगणक पूर्ण अद्ययावत आहे. मला हा खोटा दिलासा प्रत्यक्ष त्रुटीपेक्षा अधिक घातक वाटतो.

दुसरा परिणाम उघड दिसतो. भांडारात नवी आवृत्ती आली, की जुन्या आवृत्तीची फाइल बहुधा तेथून काढली जाते. आपला संगणक जुन्या यादीनुसार जुनी फाइल मागतो, सर्व्हर ती सापडत नसल्याचे सांगतो आणि पडद्यावर ‘४०४’ हा आकडा येतो. नवे पॅकेज इन्स्टॉल करतानाही हेच घडते. अशा वेळी इंटरनेटला किंवा संगणकाला दोष देण्यापूर्वी एकदा ‘सुडो ॲप्ट अपडेट’ द्यावे. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते.

फक्त अपडेट करत राहिलो आणि अपग्रेड केलेच नाही, तर?

त्याने काही मोडत नाही, पण सुधारतही नाही. आमच्याकडे येणाऱ्या एका शिक्षकांनी वर्षभर दर सोमवारी न चुकता अपडेट दिले होते आणि एकदाही अपग्रेड दिले नव्हते. त्यांच्या निष्ठेत काही उणे नव्हते; पण त्यांचा संगणक वर्षापूर्वी होता तेथेच उभा होता.

अपडेट देताना ओळींच्या सुरुवातीला ‘हिट’, ‘गेट’, ‘इग्न’ असे शब्द येतात. त्यांचा अर्थ काय?

‘हिट’ म्हणजे त्या भांडाराची यादी मागच्या वेळेपासून बदललेली नाही, म्हणून ती पुन्हा आणलेली नाही. ‘गेट’ म्हणजे नवी यादी आणली. ‘इग्न’ म्हणजे ती ओळ सोडून दिली आणि त्यात सहसा काळजीचे कारण नसते. ‘एरर’ आले, तर मात्र ती ओळ पूर्ण वाचावी, कारण त्या भांडाराची यादी जुनीच राहिलेली असते. शेवटी किती पॅकेजे अपग्रेड होऊ शकतात याचा आकडा येतो. त्यांची नावे पाहायची असतील, तर ‘ॲप्ट लिस्ट’ लिहून जागा सोडावी आणि दोन आडव्या रेघांना जोडून ‘अपग्रेडेबल’ लिहावे. या कमांडला सुडो लागत नाही आणि डेटाही लागत नाही.

मोबाइलचा हॉटस्पॉट वापरतो. डेटा किती जाईल?

अपडेटला तुलनेने थोडा डेटा लागतो. नव्याने इन्स्टॉल केलेल्या संगणकावर पहिली यादी मोठी असते. त्यानंतर ज्या भांडारांत बदल झाला आहे तेवढ्याच याद्या येतात. अपग्रेडचा आकार मात्र किती दिवसांनी करत आहोत यावर अवलंबून असतो. आठवड्याने केले तर थोडक्यात भागते. सहा महिन्यांनी केले तर कर्नेल (लिनक्सचा गाभा), ब्राउझर आणि ऑफिस संच एकत्र येऊन दिवसाचा दीड जीबी एका बैठकीत संपू शकतो.

अंदाज बांधत बसण्याची गरज नाही, कारण अपग्रेड सुरू होण्यापूर्वी ॲप्ट स्वतःच सांगते, की इतके एमबी डाउनलोड करावे लागतील आणि डिस्कवर इतकी जागा व्यापली जाईल. मग पुढे जायचे का, असे विचारते. तेथे ‘वाय’ऐवजी ‘एन’ दाबले, की काहीही न बदलता कमांड थांबते. तो आकडा वाचल्याशिवाय एंटर दाबू नये, एवढे मी वाचनालयातल्या प्रत्येक मुलाला सांगतो.

उबुंटू सुरक्षा-दुरुस्त्या स्वतःहूनही आणते. ज्यांना हॉटस्पॉटवर ते नको असेल, त्यांनी ही सेवा कायमची बंद करण्यापेक्षा त्या वाय-फाय जोडणीच्या सेटिंगमध्ये ती ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून डेटा मिळणारी, असल्याची नोंद करावी.

गावात लाइन केव्हाही जाते. अपग्रेड चालू असताना गेली, तर संगणक बिघडेल का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि तो योग्यच आहे. उत्तर नीट समजण्यासाठी कामाचे तीन टप्पे वेगळे पाहावे लागतात.

पहिला टप्पा यादी आणण्याचा, म्हणजे अपडेटचा. यात लाइन गेली, तर फार तर यादी अर्धवट राहते आणि पुन्हा कमांड दिली, की ती पूर्ण होते. दुसरा टप्पा अपग्रेडमधील डाउनलोडचा. यातही भीती नाही, कारण उतरवलेल्या फाइली ‘/व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज’ या फोल्डरमध्ये जमा होत असतात आणि त्यातील ‘पार्शियल’ या उपफोल्डरमध्ये अर्धवट राहिलेली फाइल पुढच्या वेळी सहसा जेथे थांबली तेथूनच पुढे उतरते. तिसरा टप्पा पॅकेज उलगडून जुन्याच्या जागी नवे बसवण्याचा. नाजूक आहे तो एवढाच, आणि नेमका याच वेळी वीजपुरवठा खंडित झाला, तर काही पॅकेजे अर्धी बसलेली आणि काही बसूनही मांडणी न झालेली, अशा अवस्थेत राहतात.

म्हणून आम्ही डाउनलोड आणि बसवणे ही दोन कामे वेगळी केली आहेत. ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ लिहून जागा सोडली आणि दोन आडव्या रेघांना जोडून ‘डाउनलोड-ओन्ली’ लिहिले, तर फाइली फक्त उतरतात. काहीही बसवले जात नाही. हे काम रात्री उशिरा, नेटवर्कवरचा ताण कमी झाल्यावर करावे. मध्ये दोनदा लाइन गेली तरी हरकत नाही. मग ज्या दिवशी लाइन टिकेल अशी खात्री असेल आणि इन्व्हर्टर पूर्ण चार्ज असेल, त्या दिवशी साधे ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ द्यावे. फाइली आधीच हजर असल्याने इंटरनेटची गरज उरत नाही आणि नाजूक टप्पा बहुधा काही मिनिटांत आटोपतो. मधल्या काळात मात्र पुन्हा अपडेट देऊ नये. दिले आणि यादीत आणखी नव्या आवृत्त्या आल्या, तर तेवढ्या फाइली पुन्हा उतरवाव्या लागतील.

लॅपटॉप असेल, तर त्याची बॅटरीच उत्तम आधार आहे. डेस्कटॉपला मात्र यूपीएस किंवा इन्व्हर्टर असल्याशिवाय तिसरा टप्पा सुरू करू नये, असा नियम मी केला आहे. आभाळात विजा कडाडत असताना किंवा जोराचे वारे सुटलेले असताना तर मुळीच नाही.

आणि तरीही मध्येच लाइन गेली, तर काय करावे?

घाबरून सगळे पुसून नव्याने इन्स्टॉल करू नये. मे महिन्यातील एका दुपारी माझ्याच हातून ही चूक झाली. बाहेर ऊन रणरणत होते, इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली आहे हे मला ठाऊक होते आणि तरीही मी अपग्रेड सुरू केले. कर्नेलचे पॅकेज बसत असतानाच लाइन गेली. पुन्हा सुरू केल्यावर संगणक काळ्या पडद्यावर अडकला.

ग्रब नावाच्या सुरुवातीच्या पडद्यावर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ असा पर्याय असतो. त्यात आधीचे कर्नेल जपून ठेवलेले असते. ते निवडून मी संगणक सुरू केला. मग टर्मिनलमध्ये ‘सुडो डीपीकेजी’ लिहून जागा सोडली, दोन आडव्या रेघांना जोडून ‘कॉन्फिगर’ लिहिले, पुन्हा जागा सोडून एका आडव्या रेघेला जोडून ‘ए’ हे अक्षर दिले. अर्धवट राहिलेली मांडणी ही कमांड पूर्ण करते. त्यानंतर ‘सुडो ॲप्ट’ लिहून, जागा सोडून दोन रेघांसह ‘फिक्स-ब्रोकन’ आणि शेवटी ‘इन्स्टॉल’ असे दिले. परस्परावलंबनाची तुटलेली साखळी त्याने जोडली गेली. पाऊण तासात संगणक पूर्ववत झाला. लिनक्समधील ही व्यवस्था किती विचारपूर्वक केलेली आहे, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले.

आमच्याकडे आठ-दहा संगणक आहेत. प्रत्येकावर तोच डेटा पुन्हा पुन्हा खर्च करावा लागतो का?

नाही. सर्वांवर एकच आवृत्ती असेल आणि प्रोसेसरचा प्रकारही एकच असेल, तर एकदा आणलेल्या फाइली सर्वांना चालतात. ज्या संगणकावर सर्वाधिक पॅकेजे आहेत, त्यावर वर सांगितल्याप्रमाणे ‘डाउनलोड-ओन्ली’ करावे आणि ‘आर्काइव्ह्ज’ फोल्डरमधील ‘डेब’ प्रकारच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्याव्यात. बाकीच्या संगणकांवर सुडोचा अधिकार वापरून त्या त्याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात, त्याच दिवशी प्रत्येकावर अपडेट द्यावे आणि मग अपग्रेड. संगणक फाइलींची ओळख यादीतील नोंदीशी पडताळून पाहतो आणि जुळल्या तर त्या पुन्हा उतरवत नाही. म्हणजे डेटा खर्च होतो तो प्रत्येकाच्या यादीपुरता.

येथे एक खाचखळगा आहे. हल्लीच्या ‘ॲप्ट’ कमांडने अपग्रेड यशस्वी झाले, की उतरवलेल्या फाइली ती स्वतःच पुसून टाकते. म्हणून पेनड्राइव्हवर प्रत आधी घ्यावी आणि बसवण्याचे काम नंतर करावे. मी पहिल्यांदा उलटे केले आणि रिकाम्या फोल्डरकडे पाहत बसलो.

संगणक एकमेकांना केबलने जोडलेले असतील, तर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ हे पॅकेज एका संगणकावर बसवून बाकीच्यांना त्याच्यामार्फत पॅकेजे मागायला लावता येतात. पहिल्याने मागितलेली फाइल तेथे साठते आणि उरलेल्यांना ती इंटरनेटला हात न लावता मिळते. शाळेच्या संगणक कक्षासाठी यापेक्षा सोयीचा मार्ग मला माहीत नाही.

काही पॅकेजे ‘केप्ट बॅक’ म्हणजे मागे ठेवली, असे येते. ती चूक आहे का?

चूक नाही, ती सावधगिरी आहे. ‘ॲप्ट अपग्रेड’ने एक मर्यादा स्वतःवर घालून घेतली आहे : ती संगणकावरचे कोणतेही पॅकेज काढून टाकत नाही. एखाद्या पॅकेजची नवी आवृत्ती बसवण्यासाठी दुसरे काही काढावे लागणार असेल, तर ते पॅकेज ती जुन्या आवृत्तीतच राहू देते. जुनी ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ ही कमांड याहूनही कडक आहे. ती नवे पॅकेज जोडतही नाही. उबुंटूत नवे कर्नेल हे नव्या नावाचे पॅकेज म्हणून येते, म्हणून ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ दिल्यावर ते मागे राहते आणि ‘ॲप्ट अपग्रेड’ दिल्यावर बसते.

उबुंटूत आणखी एक कारण संभवते. काही दुरुस्त्या सर्व संगणकांना एकाच दिवशी न देता टप्प्याटप्प्याने दिल्या जातात, म्हणजे काही दोष निघालाच तर तो थोड्याच ठिकाणी दिसून तेथेच रोखता येतो. आपला क्रमांक आला, की ते पॅकेज आपोआप पुढे सरकते. थांबावे, हेच उत्तर.

खरोखर काही काढूनच पुढे जायचे असेल, तर ‘सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड’ आहे. ती कोणती पॅकेजे काढणार आहे, याची यादी संमती मागण्यापूर्वी दाखवते. त्या यादीत आपण रोज वापरतो ते काही दिसले, किंवा यादी अनपेक्षितपणे लांब असली, तर ‘एन’ दाबून बाहेर पडावे.

फुल-अपग्रेड म्हणजे उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर जाणे का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. अपडेट, अपग्रेड आणि फुल-अपग्रेड या तिन्ही कमांड आपण ज्या प्रकाशनावर (म्हणजे २२.०४ सारख्या संपूर्ण प्रणालीच्या आवृत्तीवर) आहोत, त्याच्याच भांडारात काम करतात. एका प्रकाशनातून दुसऱ्यात जाणे हे वेगळे काम आहे. उबुंटूत त्यासाठी ‘डू-रिलीज-अपग्रेड’ ही कमांड आहे. दीर्घ मुदतीच्या, म्हणजे एलटीएस, प्रकाशनांमध्ये ती एकेक पायरीच चढू देते : २०.०४ वरून आधी २२.०४, मग २४.०४. डेबियनमध्ये भांडाराच्या पत्त्यांत जुन्या प्रकाशनाचे सांकेतिक नाव बदलून नवे घालावे लागते. डेबियन १२चे नाव ‘बुकवर्म’ आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३चे ‘ट्रिक्सी’. पत्ते बदलल्यावर अपडेट, मग अपग्रेड आणि शेवटी फुल-अपग्रेड, असा तेथील क्रम आहे.

हे काम मोठे आहे. त्याला काही जीबी डेटा आणि कधी कधी अर्धा दिवस लागतो. मुलांच्या परीक्षा नाहीत असा आठवडा पाहून, सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे घेऊनच ते करावे.

ते किती काळ टाळता येते, यालाही हद्द आहे. उबुंटूच्या एलटीएस प्रकाशनाला पाच वर्षे नेहमीचा आधार मिळतो, २०.०४ची ती मुदत २०२५च्या मेमध्ये संपली. त्यानंतर नेहमीच्या भांडारातून नव्या सुरक्षा-दुरुस्त्या येत नाहीत आणि अपडेट कितीही वेळा दिले तरी ‘सर्व काही अद्ययावत आहे’ असेच उत्तर मिळते. ३२ बिटचे जुने संगणक असणाऱ्यांनी एवढे जाणून असावे, की डेबियन १३ मध्ये त्या यंत्रांसाठीचा इन्स्टॉलर आता दिला जात नाही.

अपग्रेड केले, पण प्रोग्रामचा आवृत्ती-क्रमांक जुनाच आहे. मग दुरुस्ती झाली कशी म्हणायची?

स्थिर प्रकाशनांत नव्या सोयींपेक्षा स्थैर्याला अधिक महत्त्व असते. म्हणून दोष आढळला, की संपूर्ण नवी आवृत्ती देण्याऐवजी बहुधा जुन्याच आवृत्तीला तेवढे ठिगळ लावले जाते. एप्रिल २०१४ मध्ये इंटरनेटवरील संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष उघड झाला. मूळ प्रकल्पाने त्याची दुरुस्ती १.०.१-जी या आवृत्तीत दिली. त्या वेळच्या स्थिर डेबियनने मात्र आपली १.०.१-ई हीच आवृत्ती ठेवून तीत दुरुस्ती केली आणि क्रमांकाच्या शेवटी आपली खूण जोडली. तेव्हा क्रमांकाचा पहिला भाग पाहून संगणक असुरक्षित ठरवू नये. शेवटची खूण पाहावी.

सर्वांत नवे तेच सर्वांत सुरक्षित, असे नाही का?

नेहमी नाही. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझेड या फाइल-संकोचनाच्या साधनात मुद्दाम दडवलेला चोरदरवाजा उघडकीस आणला. दूरस्थ लॉगिनला अर्ध्या सेकंदाच्या आसपास जास्त वेळ का लागतो, याचा पाठपुरावा करताना तो त्यांना सापडला. तो ५.६.० आणि ५.६.१ या अगदी ताज्या आवृत्त्यांत होता. डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत तो पोहोचला होता. स्थिर प्रकाशनांत मात्र जुनी आवृत्ती असल्याने ती वाचली.

म्हणून सार्वजनिक वापराच्या संगणकावर स्थिर प्रकाशन ठेवावे आणि त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या मात्र वेळेवर बसवाव्यात, असा सल्ला मी देतो.

‘लॉक मिळाले नाही’ असा संदेश येतो. ती लॉक फाइल पुसावी का?

पुसू नये. संगणक सुरू झाल्यावर पार्श्वभूमीत आपोआप दुरुस्त्या बसवण्याचे काम चालू असते आणि एका वेळी दोघांनी पॅकेजांची नोंदवही लिहू नये, म्हणून ते कुलूप असते. दहा-पंधरा मिनिटे थांबून पुन्हा कमांड द्यावी. कुलूप जबरदस्तीने काढले, तर नोंदवहीच बिघडण्याचा संभव असतो.

‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ असे काहीतरी येते आणि अपडेट होतच नाही.

संगणकाचे घड्याळ पाहावे. भांडाराच्या यादीवर तारीख आणि डिजिटल सही असते. आपला संगणक काही वर्षे मागचा दिवस दाखवत असेल, तर त्याच्या दृष्टीने ती यादी भविष्यात तयार झालेली असते आणि तो ती नाकारतो. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा नाण्याच्या आकाराचा सेल संपलेला असतो, त्यामुळे लाइन गेली की तारीख मागे जाते. तारीख सुधारून काम तात्पुरते होते. सेल बदलल्यास ते कायमचे मिटते. आमच्या आठांपैकी तीन संगणकांचे दुखणे हेच निघाले.

सगळे अपग्रेड केले, तरी फायरफॉक्स जुनाच दिसतो.

उबुंटू २२.०४ पासून तेथील फायरफॉक्स ‘स्नॅप’ या वेगळ्या व्यवस्थेतून येतो आणि ॲप्ट त्याला हात लावत नाही. त्यासाठी ‘सुडो स्नॅप रिफ्रेश’ द्यावे. फ्लॅटपॅक या अशाच दुसऱ्या व्यवस्थेतून घेतलेल्या प्रोग्रामसाठी ‘फ्लॅटपॅक अपडेट’ आहे, आणि गंमत अशी, की तेथे ‘अपडेट’ या शब्दाचा अर्थ प्रत्यक्ष नवी आवृत्ती बसवणे असा आहे.

फेडोरा, आर्च किंवा बॉस लिनक्समध्येही हेच शब्द चालतात का?

सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचे बॉस डेबियनवर आधारलेले असल्याने तेथे ॲप्टच आहे. फेडोरात ‘डीएनएफ अपग्रेड’ यादी जुनी झाली असेल तर स्वतः आणते आणि मग बसवते. तेथे ‘डीएनएफ अपडेट’ हे त्याचेच दुसरे नाव आहे. ओपनसुसेमध्ये यादीसाठी ‘झिपर रिफ्रेश’ आणि बसवण्यासाठी ‘झिपर अपडेट’ आहे. आर्चमध्ये मात्र यादी ताजी करून एखादेच पॅकेज बसवणे आणि बाकीची जुनी ठेवणे मान्य नाही. तेथे दोन्ही कामे नेहमी एकत्रच करावी लागतात. एका लिनक्सवरून दुसऱ्यावर जाणाऱ्याने शब्दावर भरवसा ठेवू नये; ती कमांड तेथे काय करते, ते पाहावे.

अपग्रेडनंतर संगणक पुन्हा सुरू करणे आवश्यक आहे का?

कर्नेल बदलले असेल तर होय, कारण चालू संगणकाच्या स्मृतीत जुनेच कर्नेल काम करत असते. ब्राउझरसारखा एखादा प्रोग्राम बदलला असेल, तर तो बंद करून उघडणे पुरते.

एखाद्या अपग्रेडनंतर प्रिंटर चालेनासा झाला. काय बदलले, ते कसे शोधावे?

‘/व्हार/लॉग/ॲप्ट’ या फोल्डरमध्ये ‘हिस्टरी.लॉग’ नावाची फाइल असते. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणती कमांड दिली गेली आणि प्रत्येक पॅकेज कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेले, हे सर्व तीत नोंदलेले असते. प्रिंटर ज्या दिवशी बंद पडला, त्या दिवशीच्या नोंदीत ‘कप्स’ने (ही लिनक्समधील छपाईची व्यवस्था) सुरू होणारे पॅकेज दिसले, तर शोधाची दिशा मिळते. जुनी आवृत्ती भांडारात अजून उपलब्ध असेल, तर ती परत बसवून ‘सुडो ॲप्ट-मार्क होल्ड’ आणि त्यापुढे पॅकेजचे नाव दिल्यास पुढील अपग्रेडमध्ये ते पॅकेज जागचे हलत नाही. दोष दूर झाल्याचे कळले, की ‘अनहोल्ड’ करायला विसरू नये, कारण थांबवलेल्या पॅकेजला सुरक्षा-दुरुस्त्याही मिळत नाहीत. आम्ही यासाठी वाचनालयाच्या आवक-जावक रजिस्टरच्या शेवटी एक पान राखून ठेवले आहे : संगणकाचा क्रमांक, तारीख, अपडेट केले की अपग्रेड, आणि कोणते पॅकेज होल्डवर आहे.